गृहसंगणकावरील संगीत-आज्ञावलींची देवघेव : कमोडोर ६४ व अमिगा यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९८२ ते २०१२)

प्रास्ताविक

संगीताच्या इतिहासात वाद्य आणि रचना या दोन भिन्न वस्तू मानण्याचा प्रघात आहे. सतार सतारियाच्या घरी राहते. गत मात्र शिष्याबरोबर गावोगाव जाते. १९८० च्या दशकात युरोप व अमेरिकेतील घरांमध्ये आलेल्या छोट्या संगणकांवर जे संगीत निर्माण झाले, त्याला ही विभागणी लागू पडत नाही. तेथे रचना ही स्वतःच एक आज्ञावली होती. सुरांचे आकडे आणि ते आकडे वाचून ध्वनी निर्माण करणारी यंत्रभाषेतील सूचनावली ही दोन्ही एकाच तबकडीवर, बहुधा एकाच फाइलमध्ये एकत्र बांधलेली असत. त्यामुळे एखाद्याने मित्राला आपली धून दिली, की धुनेबरोबर वाद्यही देऊन टाकल्यासारखे होई.

या देवघेवीविषयी लिहिताना सर्वसाधारणपणे एक गौरवपर सूर लागतो. ‘सर्वांनी सर्वांना सर्व काही मुक्तहस्ते दिले’ असे चित्र त्यातून उभे राहते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हे चित्र अपुरे आहे. या देवघेवीचे किमान तीन प्रकार होते. कर्त्याने स्वतः छापून दिलेली आज्ञावली हा पहिला, कर्त्याच्या रचनेची परस्पर उकल करून मिळविलेले ज्ञान हा दुसरा, आणि विक्रीसाठी असलेली आज्ञावली अनुमतीशिवाय पसरविणे हा तिसरा. तिन्ही प्रकारांतून संगीत वाढले. परंतु कर्त्याच्या वाट्याला जे आले ते तिन्हींत सारखे नव्हते. कोणती कृती कोणत्या मार्गाने वाटली गेली, याची नोंद हाही इतिहासाचा पुरावाच होय. ही नोंद नसली तर काय घडते, हे निबंधाच्या उत्तरार्धातील एका न्यायालयीन प्रकरणावरून स्पष्ट होईल.

अभ्यासाची व्याप्ती कमोडोर ६४ आणि अमिगा या एकाच कंपनीच्या दोन संगणकांपुरती मर्यादित ठेवली आहे.

यंत्र आणि त्याची ध्वनिचिप

कमोडोर ६४ हा संगणक जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथील प्रदर्शनात मांडण्यात आला आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये ५९५ डॉलर किमतीला विक्रीस आला. त्याची स्मृती ६४ किलोबाइट होती. १९९४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघेपर्यंत या संगणकाचे उत्पादन चालू होते. एकूण विक्रीचे अंदाज सव्वा कोटी ते एक कोटी सत्तर लाख यांच्या दरम्यान केले जातात.

या संगणकातील ध्वनिचिप ‘सिड’ या नावाने ओळखली जाते. तिची रचना रॉबर्ट यॅनिस या अभियंत्याने १९८१ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी या कमोडोरच्याच उपकंपनीत केली. तत्कालीन संगणकांतील ध्वनिचिपांविषयी यॅनिस असमाधानी होते; संगीताची जाण नसलेल्यांनी त्या तयार केल्या आहेत, असे त्यांचे मत होते. सिडमध्ये तीन स्वतंत्र आवाज होते. प्रत्येक आवाजाला त्रिकोणी, करवती, स्पंद आणि गोंगाट असे चार तरंगप्रकार उपलब्ध होते. स्वर कसा उठावा, कसा स्थिरावा आणि कसा विरावा हे ठरविण्याची सोय होती, आणि या सर्वांवर एक फिल्टर होता. हा फिल्टर पूर्णतः अंकीय पद्धतीचा नसल्याने एका चिपमध्ये तो जसा वाजे तसा दुसरीत वाजेलच असे नसे. परिणामी एकच धून दोन घरांत किंचित वेगळी ऐकू येई.

एवढी समर्थ चिप असूनही संगणकासोबत मिळणाऱ्या बेसिक भाषेत ध्वनीसाठी एकही स्वतंत्र आज्ञा नव्हती. ५४२७२ या क्रमांकापासून सुरू होणाऱ्या २९ स्मृतिकप्प्यांशी वापरकर्त्याला थेट व्यवहार करावा लागे. आवाजाची पातळी पूर्ण करावयाची तर ५४२९६ क्रमांकाच्या कप्प्यात १५ हा आकडा ठेवावा लागे. ४४० कंपनसंख्येचा स्वर युरोपीय यंत्रावर मिळविण्यासाठी गणिताने सुमारे ७४९२ ही संख्या येते. ती एका कप्प्यात मावत नसल्याने २९ आणि ६८ अशी दोन कप्प्यांत विभागून लिहावी लागे. एका स्वरासाठी इतका खटाटोप असेल, तर संपूर्ण धुनेसाठी स्वतंत्र साधन लागणार हे उघड आहे. संगीताची हौस असलेल्या तरुणांना प्रथम वाद्य घडवावे लागले ते यामुळे. देवघेवीचे मूळ या गरजेत आहे.

येथे आणखी एक तांत्रिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकी आणि युरोपीय दूरचित्रवाणी पद्धती भिन्न असल्याने दोन्हीकडील संगणकांची घड्याळगती वेगळी होती. वरील २९ व ६८ हे आकडे अमेरिकी यंत्रावर ठेवले तर स्वर अर्ध्या श्रुतिपट्टीहूनही, म्हणजे पाश्चात्त्य अर्धस्वराच्या निम्म्याहून, थोडा अधिक चढतो. शिवाय धून वाजविणारी सूचनावली पडद्याच्या गतीशी जोडलेली असे. युरोपात ती सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत ६० वेळा चाले. त्यामुळे अटलांटिक ओलांडून गेलेली धून एक-पंचमांश जलद वाजे. देवघेव करणाऱ्यांना या अडचणीची जाणीव होती, आणि कोणती धून कोणत्या यंत्रासाठी आहे याची नोंद ठेवण्याची सवय तिच्यातूनच लागली.

पहिला प्रकार : छापून दिलेली आज्ञावली

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आज्ञावली दूरवर पोहोचविण्याचे सर्वांत स्वस्त साधन छापील मासिक हे होते. मासिकात आज्ञावली ओळीमागून ओळ छापली जाई आणि वाचक ती आपल्या संगणकावर टंकलिखित करून घेई. यंत्रभाषेतील आज्ञावली म्हणजे नुसत्या आकड्यांची पानेच्या पाने असत. एक आकडा चुकला तरी सारे श्रम वाया जात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पडताळा-अंक छापला जाऊ लागला. अमेरिकेतील ‘काँप्युट’ या मासिकसमूहाने ‘एमएलएक्स’ आणि जर्मनीतील ‘६४’एर’ या मासिकाने ‘एमएसई’ या नावाची, ओळ चुकताच सूचना देणारी साहाय्यक आज्ञावली प्रसृत केली.

या मार्गाने आलेल्या संगीत-आज्ञावलींपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली, क्रेग चेंबरलेन यांची ‘सिडप्लेअर’. ती काँप्युटच्या १९८५ मधील पुस्तकात प्रसिद्ध झाली आणि तिची सुधारित आवृत्ती १९८७ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने आली. सिडप्लेअरचे वैशिष्ट्य असे की, येथे धून आणि ती वाजविणारी आज्ञावली वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. धुनेची फाइल लहान असल्याने दूरध्वनीच्या तारेवरून ती स्वस्तात पाठविता येई. गीताचे शब्द दुसऱ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय होती. ज्यांनी आपल्या संगणकात दुसरी सिड चिप बसविली असेल त्यांच्यासाठी आणखी तीन आवाजांची तिसरी फाइल जोडता येई. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या क्वांटमलिंक या अमेरिकी दूरसंचार सेवेवर अशा धुनांचा मोठा साठा जमा झाला. प्रार्थनागीते, अभिजात संगीत, लोकप्रिय गाणी असे त्याचे स्वरूप होते. ते बसविणारे बहुतांशी व्यावसायिक संगीतकार नव्हते. घरी बसून छापील स्वरलिपीवरून एकेक सूर संगणकात उतरविणारे हौशी लोक होते.

दुसरी, ख्रिस ह्युल्सबेक यांची ‘साउंडमॉनिटर’. १९६८ मध्ये जन्मलेल्या ह्युल्सबेक यांनी १९८६ मध्ये ६४’एर मासिकाने घेतलेल्या संगीतस्पर्धेत ‘शेड्स’ या धुनेसाठी प्रथम क्रमांक मिळविला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर अंकात त्यांची ही आज्ञावली छापून आली. त्या वेळी ते १८ वर्षांचे होते. साउंडमॉनिटरमध्ये स्वर पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवर न मांडता पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या रकान्यांत अक्षरे व आकडे यांच्या रूपाने मांडले जात. संगीतलिपी न शिकलेल्या मुलालाही ही मांडणी वापरता येई. पुढे ‘ट्रॅकर’ या नावाने रूढ झालेल्या आज्ञावलींची ती पूर्वसूरी मानली जाते.

वाचकांनी साउंडमॉनिटरचा नुसता वापर केला नाही, तर तिच्यात बदलही केले. नेदरलँड्समधील एका हौशी गटाने तिच्यात ध्वनिमुद्रित तालवाद्यांची सोय घातली आणि ‘रॉकमॉनिटर’ या नावाने ती पुढे पाठविली. आज्ञावली छापील स्वरूपात हाती आल्यामुळे आणि ती स्वतःच्या बोटांनी उतरविल्यामुळे तिच्या अंतरंगाविषयी वाचकाला एक प्रकारचा धीर आलेला असे. पोथी हाताने उतरविणाऱ्याला ग्रंथाची जी ओळख होते, तिच्याशी याचे साम्य आहे.

या प्रकारात कर्त्याची संमती होती, त्याचे नाव लेखाच्या माथ्यावर छापलेले होते, प्रकाशनाचा महिना व वर्ष निश्चित होते. इतिहासकाराच्या दृष्टीने हा सर्वांत निर्विवाद असा पुरावा होय. ह्युल्सबेक यांना या ओळखीचा व्यावसायिक लाभही झाला. १९८७ मधील ‘द ग्रेट जियाना सिस्टर्स’ आणि १९९० मधील ‘टरिकन’ या खेळांचे संगीत त्यांचेच आहे.

दुसरा प्रकार : उकलून घेतलेले ज्ञान

याच काळात इंग्लंडमध्ये खेळांच्या व्यवसायाने संगीतकारांना वेगळ्या दिशेने नेले. त्यांतील अग्रगण्य नाव रॉब हबर्ड यांचे. ‘माँटी ऑन द रन’ व ‘कमांडो’ (१९८५) आणि ‘इंटरनॅशनल कराटे’ (१९८६) या खेळांच्या संगीतामुळे त्यांची ख्याती झाली. हबर्ड यांच्याकडे पडद्यावर सूर मांडण्याचे साधन नव्हते. सुरांचे आकडे ते असेंब्ली भाषेतील आज्ञावलीतच टंकलिखित करीत. धून वाजविणारी त्यांची स्वतःची सूचनावली होती. ती त्यांनी प्रसिद्ध केली नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते, कारण तीच त्यांच्या उपजीविकेचे साधन होती. एखादी खास चीज उस्तादाने राखून ठेवावी, तसेच हे होते.

परंतु धुनेबरोबर वाद्य द्यावेच लागते, हा या माध्यमाचा धर्म येथे आडवा आला. खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या तबकडीवर किंवा फितीवर हबर्ड यांची सूचनावली पोहोचली होती. यंत्रभाषा वाचू शकणारा कोणीही ती स्मृतीतून बाहेर काढून अभ्यासू शकत होता. खेळांतील धुना अलग काढण्याचा आणि त्या आपल्या ओळखपट्टीच्या आज्ञावलींना जोडण्याचा प्रघात हौशी गटांत लवकरच पडला. काहींनी हबर्ड यांच्या सूचनावलीत आपले आकडे भरून नव्या धुना केल्या. तीनच आवाजांतून स्वरसंघाचा भास निर्माण करण्यासाठी एका आवाजात तीन सूर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला एक या वेगाने आळीपाळीने वाजविण्याची युक्ती, स्पंदतरंगाची रुंदी सतत बदलत ठेवून आवाज भरदार करण्याची युक्ती, अशा गोष्टी या मार्गाने हातोहात पसरल्या. १९९३ मध्ये कमोडोरच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या ‘सी-हॅकिंग’ या विद्युत्-नियतकालिकात हबर्ड यांच्या सूचनावलीची ओळीगणिक उकल व स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले. जे आठ वर्षे कुजबुजीने शिकले जात होते, त्याला तेथे ग्रंथरूप मिळाले.

या धुना एका हातातून दुसऱ्या हातात कशा गेल्या, हेही पाहिले पाहिजे. मुख्य साधन टपाल हे होते. कमोडोरच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे १७० किलोबाइट मजकूर मावे आणि एक धून काही हजार बाइटांची असे. एका लिफाफ्यातून कित्येक धुना जात. शाळकरी मुलांना टपालखर्च जड जाई. म्हणून तिकिटांवर गोंदाचा पातळ थर देऊन शिक्का धुऊन काढणे आणि तीच तिकिटे परत पाठविण्याची विनंती करणे, असे बेकायदेशीर उपायही केले जात. इंग्लंडमध्ये १९८४ ते १९९३ या काळात चाललेली काँप्युनेट ही सेवा दुसरे साधन होती. तेथे सदस्य आपल्या धुना व प्रात्यक्षिके चढवीत आणि इतर ती उतरवून घेत.

या दुसऱ्या प्रकारात संमती नव्हती. पण कर्त्याचे नाव पुसलेही गेले नाही. किंबहुना उकल करणाऱ्यांनीच हबर्ड यांची कीर्ती युरोपभर नेली. नुकसान कोठे झाले असेल तर त्यांच्याकडून शिकून पुढे गेलेल्या, टोपणनावांनी वावरणाऱ्या शेकडो हौशी रचनाकारांच्या बाबतीत. त्यांच्या धुना गटाच्या नावाने फिरल्या आणि व्यक्तीचे नाव पुष्कळदा वाटेत गळून पडले.

तिसरा प्रकार : अनुमतीशिवाय पसरलेली आज्ञावली

१९८५ मध्ये कमोडोरने अमिगा हा अधिक समर्थ संगणक आणला; १९८७ मधील अमिगा ५०० या स्वस्त प्रतिमानामुळे तो घरोघरी पोहोचला. त्यातील ‘पॉला’ ही चिप ध्वनिमुद्रित नमुने चार स्वतंत्र वाहिन्यांवरून वाजवू शके. येथे तरंग घडविण्याऐवजी खऱ्या वाद्याचा छोटा तुकडा मुद्रित करून तो कमी-अधिक वेगाने वाजविला, की सूर मिळे.

जर्मन संगीतकार कार्स्टेन ओबार्स्की यांनी ‘अमेगास’ या खेळाचे संगीत करीत असताना आपल्या सोयीसाठी एक साधन तयार केले. ते १९८७ मध्ये ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ या नावाने विक्रीस आले. चार रकाने, प्रत्येक आकृतिबंधात ६४ ओळी, आणि पंधरा ध्वनिनमुने अशी त्याची रचना होती. विक्रेय वस्तू म्हणून त्याला यश लाभले नाही. परंतु त्याच वर्षी नेदरलँड्समधील एका गटातील टोपणनावधारी आज्ञावलीकाराने ती आज्ञावली उकलली, तिच्यात सुधारणा केल्या आणि ‘साउंडट्रॅकर’ची दुसरी आवृत्ती म्हणून ती विनामूल्य पसरविली. त्यानंतर आवृत्त्यांची रीघच लागली. १९८९ मध्ये स्वीडनमधील ‘माहोनी’ व ‘काक्टस’ या जोडीने ‘नॉइजट्रॅकर’ आणली. १९९० मध्ये ‘प्रोट्रॅकर’ आली. नमुन्यांची संख्या पंधरावरून एकतीस झाली. ‘मॉड’ या नावाने ओळखले जाणारे फाइलचे स्वरूप पुढे अन्य संगणकांवरही प्रमाण ठरले. फिनलंडमधील ‘स्क्रीम ट्रॅकर’ आणि स्वीडनमधील ‘फास्टट्रॅकर’ या पीसीवरील आज्ञावली याच परंपरेतील होत.

ओबार्स्की यांच्या आज्ञावलीबरोबर ‘एसटी-०१’ ही ध्वनिनमुन्यांची तबकडी होती. तिच्यावरील नमुने पुढील अनेक वर्षे असंख्य रचनाकारांनी वापरले. मॉड फाइलमध्ये नमुने आतच साठविलेले असत. म्हणून एखाद्याची धून ऐकणाऱ्याला तिच्यातील प्रत्येक वाद्य सुटे करून आपल्या रचनेत घेता येई. प्रोट्रॅकर काळातील फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याला नाव देण्यासाठी २२ अक्षरांची जागा होती. रचनाकारांनी या जागेचा उपयोग नमुन्याचे नाव लिहिण्याऐवजी स्वतःचे नाव, पत्ता, मित्रांना अभिवादन, तर कधी ‘माझी वाद्ये चोरू नका’ अशा आशयाची सूचना लिहिण्यासाठी केला. ही एकतीस ओळींची जागा म्हणजे या पिढीची मुद्रिका होय. नाव गळून पडण्याच्या भीतीपोटीच ती निर्माण झाली, असे म्हणावे लागते.

या तिसऱ्या प्रकाराचे मूल्यमापन कठीण आहे. अनुमतीशिवाय वाटप झाले नसते, तर बाजारात न चाललेली ही आज्ञावली विस्मृतीत गेली असती, हे संभवनीय आहे. परंतु म्हणून ते वाटप न्याय्य ठरत नाही. ज्याच्या कल्पनेवर एका संपूर्ण संगीतप्रकाराची उभारणी झाली, त्याच्या हातून त्या कल्पनेची पुढील दिशा ठरविण्याचा अधिकार पहिल्याच वर्षी निसटला. गौरवपर इतिहासात ‘मुक्त देवघेव’ या शब्दप्रयोगाखाली हा फरक झाकला जातो.

जतनाचा प्रयत्न

१९९० च्या सुमारास कमोडोर ६४ मागे पडू लागला, तसा त्यावरील संगीताचे काय होणार असा प्रश्न उभा राहिला. चुंबकीय तबकड्यांचे आयुष्य मर्यादित असते. १९९० मध्ये पेर होकान सुंडेल व रॉन बिर्क यांनी अमिगासाठी ‘प्लेसिड’ ही आज्ञावली तयार केली. ती जुन्या संगणकाचा प्रक्रियक आणि सिड चिप या दोहोंची नक्कल करून मूळ धून, तिच्या सूचनावलीसह, नव्या यंत्रावर वाजवी. या कामासाठी ठरविलेल्या फाइलच्या आरंभी धुनेचे नाव, कर्ता आणि प्रकाशन यांच्यासाठी प्रत्येकी ३२ अक्षरांची जागा ठेवली होती. ही बाब लहान वाटली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. धुनेबरोबर वाद्य तर जात होतेच. आता कर्त्याचे नावही तिच्यापासून सुटू नये अशी व्यवस्था झाली.

१९९६ मध्ये निरनिराळ्या हौशी संग्रहांचे एकत्रीकरण होऊन ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ हा संग्रह आकारास आला. आज त्यात पन्नास हजारांहून अधिक धुना आहेत. संग्रहाची विभागणी प्राधान्याने रचनाकारनिहाय आहे. टोपणनावामागील व्यक्ती शोधणे, चुकीने दुसऱ्याच्या नावावर पडलेली धून मूळ कर्त्याच्या नावावर आणणे, एखादी धून कोणत्या गाण्यावर बेतलेली आहे हे नोंदविणे, ही कामे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केली आहेत. सिडप्लेअरच्या धुनांसाठी असाच एक स्वतंत्र संग्रह आहे. कोणत्याही विद्यापीठाच्या वा शासकीय अभिलेखागाराच्या आश्रयाविना झालेले हे काम अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र आहे. अर्थात, खेळ काढणाऱ्या कित्येक कंपन्या बंद पडल्याने अनेक धुनांचे कायदेशीर हक्क नेमके कोणाकडे आहेत, हा प्रश्न या संग्रहांच्या पाठीशी कायम आहे.

वाटपाची नोंद आणि न्याय : एक प्रकरण

वाटपाचा मार्ग नोंदविणे ही केवळ इतिहासकाराची हौस नव्हे, हे पुढील प्रकरणावरून दिसते. फिनलंडचे यान्ने सुनी यांची ‘ॲसिडजॅझ्ड ईव्हनिंग’ ही चार वाहिन्यांची अमिगावरील रचना २००० मध्ये हेलसिंकी येथील ‘असेंब्ली’ मेळाव्यात जुन्या यंत्रांच्या संगीतस्पर्धेत प्रथम आली. नॉर्वेचे ग्लेन रुने गालेफोस यांनी २००२ मध्ये तिचे कमोडोर ६४ साठी रूपांतर केले, आणि ते एका ऑस्ट्रेलियन तबकडी-मासिकातून प्रसृत झाले. २००६ मध्ये नेली फुर्टाडो यांच्या संग्रहातील ‘डू इट’ हे टिंबालँड या निर्मात्याने केलेले गीत प्रसिद्ध झाल्यावर, त्यात ही रचना वापरल्याचा आरोप २००७ मध्ये जाहीरपणे झाला. कर्नेल रेकॉर्ड्स या फिनिश कंपनीने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दावा दाखल केला.

न्यायालयात वाद पोहोचला तो संगीतापर्यंत नव्हे. अमेरिकी कायद्यानुसार देशांतर्गत कृतीची नोंदणी केल्याशिवाय दावा चालत नाही. परदेशी कृतीला ही अट लागू नाही. त्यामुळे ही रचना प्रथम कोठे आणि कशी प्रसिद्ध झाली, हा कळीचा मुद्दा ठरला. तबकडी-मासिक म्हणजे प्रत्यक्ष तबकडी की आंतरजालावर ठेवलेली फाइल? आंतरजालावर ठेवली असेल, तर ती एकाच वेळी साऱ्या जगात प्रसिद्ध झाली असे मानावयाचे काय? कनिष्ठ न्यायालयाने तसे मानून दावा फेटाळला. २०१२ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आंतरजाल आणि जगभर प्रकाशन यांचे असे सरसकट समीकरण मान्य केले नाही. तथापि प्रथम प्रकाशन परदेशातच झाल्याचा पुरेसा पुरावा वादीने दिला नाही, म्हणून निकाल कायम ठेवला. रचना उचलली गेली की नाही, या मूळ प्रश्नाचा निर्णय अशा रीतीने झालाच नाही.

टपालाने तबकड्या पाठविणाऱ्या पिढीला प्रकाशनस्थळ ही संकल्पना निरर्थक वाटत होती. मित्राला दिले, त्याने पुढे दिले, एवढेच त्यांना ठाऊक होते. नेमक्या त्याच निष्काळजीपणाची किंमत या दाव्यात मोजावी लागली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कमोडोर ६४ व अमिगा यांवरील संगीतात रचना आणि वाद्य तंत्रतः अविभक्त होती. त्यामुळे धुनेची देवघेव ही बहुतेक वेळा साधनाची आणि ज्ञानाचीही देवघेव ठरली. सिडप्लेअर हा या नियमाला महत्त्वाचा अपवाद होय.

२. ‘मुक्त देवघेव’ या एकाच नावाखाली संमतीचे प्रकाशन, परस्पर उकल आणि अनुमतीशिवाय वितरण असे तीन भिन्न व्यवहार एकत्र केले जातात. सांगीतिक परिणामांच्या दृष्टीने ते जवळचे असले, तरी कर्त्याच्या हिताच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. साउंडमॉनिटर आणि साउंडट्रॅकर यांची तुलना या बाबतीत बोलकी आहे.

३. कर्त्याचे नाव टिकविण्याची जबाबदारी प्रथम रचनाकारांनी नमुन्यांच्या नावांच्या जागेत लिहून, आणि नंतर संग्राहकांनी फाइलच्या आरंभी जागा राखून पार पाडली. ही व्यवस्था बाहेरून लादलेली नव्हती. देवघेव करणाऱ्या समुदायातूनच ती उगवली.

४. वाटपाचा मार्ग, स्थळ आणि काल यांची नोंद कृतीइतकीच जपली पाहिजे. २०१२ चा निकाल हे तिच्या अभावाचे उदाहरण आहे.

समारोप

चार दशकांपूर्वी मासिकातील आकड्यांची पाने एकेका बोटाने उतरवून घेणाऱ्या मुलांनी संगीताचा एक प्रकार घडविला. त्या प्रकारातील धुना आज मूळ यंत्रांवर आणि नव्या यंत्रांवरील नकलांतूनही वाजतात. नवी रचनाही थांबलेली नाही. जे वाजते आहे त्याचे श्रेय वाटणाऱ्यांना निःसंशय आहे. परंतु ज्याने प्रथम घडविले त्याला विचारले गेले होते काय, हा प्रश्न प्रत्येक फाइलबाबत स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. उत्तर काहीही असो, ते धुनेच्या शेजारी लिहून ठेवणे हे या संगीताच्या इतिहासलेखनाचे पुढील काम आहे.